गल्लीत टॉकीज आली तर? ‘नको’ ग्रुपवर येतं, ‘हवी’ इनबॉक्समध्ये

चिकलठाण्यातून बोलतोय. मधेच विमानाचा आवाज आला तर सांभाळून घ्या, आमच्याकडे रेकॉर्डिंग असंच होतं.

आजचा प्रश्न साधा आहे, पण भांडण लावणारा आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ऐंशी-शंभर खुर्च्यांची छोटी टॉकीज काढायचं कुणी ठरवलं, तर तुम्ही काय म्हणाल? मॉलमधली नाही बरं का. घरातून चपला घालून चालत जाता येईल अशी.

असा कुठलाही प्रस्ताव आमच्याकडे आलेला नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी फॉरवर्ड करेल. पण मी हा प्रश्न आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बघितला, आणि जे झालं त्यावरच आजचा एपिसोड आहे.

पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. पहिलं उत्तर, गाड्या कुठं लावणार? आधीच कंपन्या सुटायच्या वेळेला जालना रोड ओलांडणं म्हणजे परीक्षा असते. दुसरं, रात्री शो सुटला की बुलेटवाले सायलेन्सर फोडत जाणार, लहान लेकरं झोपणार कधी? तिसरं, क्लासवरून पोरी येतात त्याच रस्त्यावर टवाळ पोरं उभी राहणार. आणि एका काकांनी लिहिलं, ‘प्रोझोन आहे ना? मग अजून कशाला?’ त्यावर अंगठेच अंगठे.

म्हणजे निकाल लागला. नको.

पण त्याच रात्री मला वेगळे मेसेज यायला लागले. ग्रुपवर नाही, खासगीत. एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करणारा एक जण म्हणाला, ‘सुट्टी असते त्या दिवशी दुपारचा स्वस्तातला शो मिळाला तर मी दर आठवड्याला जाईन.’ एक ताई म्हणाल्या, ‘मॉलला जायचं म्हणजे जाता-येता रिक्षा, वर तिकीट, वर पोरांचं पॉपकॉर्न. जवळ असती तर आईला हाताला धरून नेलं असतं.’ आणि वर, ‘ग्रुपवर माझं नाव नको टाकू हं.’

इथं मी अडकलो. ‘नको’ म्हणणारे सगळ्यांसमोर बोलले आणि ‘हवी’ म्हणणारे कानात. असं का?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे ॲप बंद पडलं की तक्रारींचा पाऊस पडतो. ॲप नीट चाललं तर ‘आज छान चाललं’ असं कळवायला कुणी येत नाही. त्यात लोकांचा काही दोष नाही. तक्रारीला खिडकी असते, समाधानाला नसते.

टॉकीजचंही तसंच आहे, आणि ते आजचं नाही. आपल्या राज्यात सिनेमागृहांसाठी १९५३ चा कायदा आहे आणि १९६६ चे नियम आहेत. टॉकीज बांधायची तर जागेसाठी आधी जे प्रमाणपत्र लागतं, त्याचं नाव बघा: ‘ना हरकत’. म्हणजे शेजाऱ्याकडून कागदावर जास्तीत जास्त काय मिळू शकतं? हरकत नाही, एवढंच. ‘हवी आहे’ असं प्रमाणपत्र कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

यावर एक खरी केस सांगतो. गुजरातमधल्या महेमदाबाद गावची. गुजरात आधी मुंबई राज्यात होतं, त्यामुळे कायदा तोच, १९५३ चा. तिथं काही लोकांनी आपल्या जागेवर टॉकीज बांधायला परवानगी मागितली. जाहीर नोटीस निघाली, हरकती आल्या. पोलिसांचं मत विरोधात गेलं, कारण जवळ मशीद आणि कब्रस्तान होतं. तरी शेवटी राज्य सरकारनं परवानगी द्यायला सांगितलं.

मग कोर्टात कोण गेलं? गल्लीतला रहिवासी नाही. गेला दुसरा टॉकीजवाला! त्याच गावात त्याचा आधीपासून धंदा होता. गंमत म्हणजे हरकती मागवल्या तेव्हा त्यानं एकही दिली नव्हती. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि डिसेंबर १९७५ मध्ये निकाल लागला: जसभाई मोतीभाई देसाई विरुद्ध रोशन कुमार. कोर्ट म्हणालं, तुझा गल्ला कमी होईल म्हणून तू पीडित ठरत नाहीस. तू त्या जागेपासून २०० यार्डांच्या आत राहत नाहीस, तिथल्या शाळेशी, मंदिराशी, मशिदीशीही तुझा संबंध नाही.

२०० यार्ड म्हणजे साधारण १८३ मीटर. चालत दोन-तीन मिनिटं. मला हा निकाल आवडतो, कारण त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: ज्याच्या दारावरून गर्दी जाणार त्याचं म्हणणं वेगळं, आणि ज्याच्या गल्ल्यावर परिणाम होणार त्याचं वेगळं. पण त्यातसुद्धा सगळी चर्चा हरकत कोण घेऊ शकतो याचीच. त्याच १८३ मीटरमधली, टॉकीज हवी असणारी ताई त्यात कुठंच नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे हरकती घेणारे चुकीचे का? अजिबात नाही. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये ‘बॉर्डर’ चालू होता. खाली पार्किंगच्या मजल्यावर ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली, धूर वर चढला. बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या बसवल्यामुळे बाहेर पडायची वाट बंद झाली होती. ५९ माणसं गेली. त्यामुळे ‘गाड्या कुठं लावणार’ हा प्रश्न किरकिर वाटला तरी त्याच्यामागे जीव असतो. तो विचारलाच पाहिजे.

फक्त ‘गाड्या कुठं लावणार?’ हा प्रश्न आहे, ‘टॉकीज नको’ हे उत्तर आहे. आपण प्रश्न विचारतो आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतो.

आणि काकांच्या ‘प्रोझोन आहे ना’ बद्दल. आहे, आणि चांगलंच आहे. जानेवारी २०२५ मध्ये अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तिथंच झाला. म्हणजे जगभरचे पिक्चर आपल्या चिकलठाणा एमआयडीसीत येऊन गेले. पण मॉल ही ठरवून जायची जागा आहे. टॉकीज ही सहज जायची जागा होती. आपल्या आई-बाबांना अंजली, सादिया, अंबा-अप्सरा ही नावं नुसती घेऊन बघा. पिक्चर विसरले असतील, पण कुणाबरोबर गेलो होतो ते नक्की सांगतील.

तर माझं म्हणणं एवढंच. उद्या खरंच कुठल्या मोकळ्या प्लॉटवर टॉकीजच्या नोटिशीचा बोर्ड दिसला, तर हरकत जरूर लिहा, पण अटीच्या भाषेत लिहा. शेवटचा शो साडेदहाच्या आत सुटला पाहिजे. गाड्या आवारातच लागल्या पाहिजेत. बाहेर पडायचे दरवाजे कायम मोकळे पाहिजेत. गेटवर दिवा आणि माणूस पाहिजे. अट घातली की मालकाला उत्तर द्यावं लागतं. नुसतं ‘नको’ म्हटलं की तो तुम्हाला सोडून वरच्या साहेबाकडे जातो. महेमदाबादला परवानगी वरूनच आली होती, लक्षात आहे ना?

आणि ज्यांना हवी आहे त्यांनीही लिहा. त्यासाठी फॉर्म नसला तरी साध्या कागदावर लिहा: मी इथंच राहतो, मला हवी आहे, या अटींवर. खाली सही करा. तुमचं ‘हो’ माझ्या इनबॉक्समध्ये राहिलं तर साहेबाच्या टेबलावरच्या फाइलमध्ये फक्त ‘नको’च असणार. मग फाइल वाचणाऱ्याला वाटणारच, की या गल्लीत कुणालाच पिक्चर बघायचा नाही.

हे टॉकीजपुरतंच नाही. वाचनालय असो, खेळाचं मैदान असो, बसचा थांबा असो, सगळीकडे असंच होतं.

तुमच्या भागात असं काही आलं होतं का? लोक काय म्हणाले, आणि तुम्ही स्वतः काय म्हणालात? व्हॉइस नोट पाठवा. खासगीत पाठवली तरी चालेल, पण या वेळी नाव टाकायची परवानगी द्या राव!

भेटू पुढच्या भागात.