अभिप्रायांची उफणणी

पावसाळा सुरू झाला म्हणजे शनिवार-रविवारीं मुंबई-पुण्याची मंडळी कर्जत-खालापूरकडे लोटते. कोणी उल्हास नदीकांठच्या घरगुती मुक्कामास जातो, कोणी भिवपुरीच्या धबधब्याकडे वळतो. मुक्कामाचें घर त्यांनीं पूर्वीं पाहिलेलें नसतें. इंटरनेटवर अनोळखी माणसांनीं लिहिलेल्या अभिप्रायांच्या भरंवशावर पैसे आधींच धाडलेले असतात. अभिप्राय खोटा निघाला तर पाहुणा फसतो. खरा अभिप्राय दडपला गेला तर प्रामाणिक यजमान बुडतो.

खोट्याची मजल कोठवर जाते पाहा. २०१७ सालीं लंडनमध्यें एका लेखकानें आपल्या परसांतील छपरीला उपाहारगृहाचें नांव दिलें आणि स्नेह्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून ट्रिपॲडव्हायझरवर तिला शहरांत पहिल्या क्रमांकावर चढविलें!

म्हणून अशा संस्था अभिप्रायांना यंत्राची चाळणी लावतात. खातें कालच उघडलेलें आहे काय, एका दिवसांत स्तुतीचा लोंढा आला काय, वाक्यें एकाच साच्यांतलीं आहेत काय, अनेक अभिप्राय एकाच जोडणीवरून आले काय, अशा खुणांवरून संशय ठरतो. गूगलनें २०२३ मध्यें असे १७ कोटींहून अधिक नियमबाह्य अभिप्राय अडविले किंवा काढले. अमेरिकेंतील येल्प संशयित अभिप्राय निराळ्या पानावर ठेवतें व गुणांच्या सरासरींत धरीत नाहीं.

परंतु भात उफणतांना वारा फार सुटला तर फोलाबरोबर दाणाही उडतो, हें कर्जतच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. निघतांना पाहुण्यांचा सबंध मेळा यजमानाच्याच वायफायवरून, नव्या खात्यांतून, "फार छान" एवढेंच लिहितो. लिहिणें खरें असतें, पण यंत्रास त्यांत खोट्याच्याच खुणा दिसूं शकतात.

भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें याविषयीं आय. एस. १९००० हें मानक आणलें. लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, विकत घेतलेले अभिप्राय छापूं नयेत, असें त्यांत आहे. मात्र तें ऐच्छिक म्हणून लागू झालें. तेव्हां बरेंचसें आपणांवरच अवलंबून आहे. पाहुण्यानें घरीं पोंचल्यावर लिहावें. कोणत्या महिन्यांत गेलों, वाट कशी होती, ताटांत काय वाढलें, हें आपल्या शब्दांत सांगावें. यजमानानें स्तुतीच्या बदल्यांत सवलत देऊं नये. वाचणाऱ्यानें नुसते तारे न मोजतां तपशील पाहावा. अभिप्राय ही एक साक्ष आहे, आणि तिच्यावर कोणाची तरी चूल पेटत असते.