लाल दोरा सगळा एक नसतो

लग्नसराई जवळ आली, रुखवताची कामं हातात येतील. म्हणून आज आपण दोऱ्यांचे आणि मण्यांचे रंग जुळवण्याबद्दल बोलू या.

शेजारच्या गावातल्या एका गटाला मॅटीच्या कापडावरच्या २५ तोरणांची ऑर्डर होती. १८ झाली आणि बाजारात त्या लाल दोऱ्याच्या लड्या संपल्या. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा लाल दिला, "हाच तो" म्हणून. पुढची सात तोरणं शेजारी ठेवल्यावर विटकरी दिसली, आणि ती परत आली. टाका एकही वाकडा नव्हता!

कंपन्यांचे नंबर आपापले असतात. काळा दोरा डीएमसीचा ३१०, तर अँकरचा ४०३. लडी मात्र दोघांची सारखीच, ८ मीटर आणि सहा पदर. नंबर जुळवायचे तक्ते मोबाइलवर मिळतात, ते जरूर बघा. पण तक्ता जवळचा रंग सांगतो, तोच रंग नव्हे. काळ्याला ते चालून जातं. लाल, मोरपंखी, पानांचे हिरवे यांना आपला डोळाच लागतो. शिवाय नंबर तोच असला तरी रंगाचा घाणा बदलला की छटा थोडी हलते. तळणाचा पहिला आणि शेवटचा घाणा तरी कुठे सारखा येतो?

आम्ही नुसती लडी लडीला लावून बघत नाही. त्याच कापडावर दोन्ही दोऱ्यांचे बोटभर टाके घालतो. सकाळी दारात उजेडात बघतो, रात्री दिव्याखाली बघतो आणि चार पावलं मागे जाऊन बघतो. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेले रंग उन्हात वेगळे पडतात. लाल दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासूनही बघा.

काम मध्येच अडलं तर? सुईत दोन पदर घेत असाल, तर थोडा भाग एक पदर जुना, एक नवा असा भरा. जोड एकदम दिसत नाही. किंवा नवा रंग सगळ्या तोरणांच्या काठालाच वापरा. एकाच फुलात दोन लाल नकोत.

मण्यांचं थोडं वेगळं. पारदर्शक मण्यातून आतला दोरा दिसतो. तोच मणी पांढऱ्या दोऱ्यात फिका, काळ्यात गडद दिसतो, म्हणून ओवूनच रंग ठरवा. मापही बघा. ११ नंबरचा मणी ८ नंबरच्या मण्यापेक्षा बारीक असतो, आणि दोन कंपन्यांचे ११ नंबरचे मणी एका ओळीत घेतले तर काठ लहरी होऊ शकतो.

पण खरी गोष्ट पैशाची. आपण बाजाराच्या दिवशी हातात असतील तेवढ्या पैशांच्या दोन-दोन लड्या आणतो. घाणे तिथेच वेगळे होतात. त्यापेक्षा एक तोरण पूर्ण करा, किती लड्या लागल्या ते मोजा. तीन लागल्या तर २५ तोरणांना ७५, वर चार-पाच जास्त. हा दोरा गटाच्या अंतर्गत कर्जातून एकदम घ्या, आणि ऑर्डर देणाऱ्याकडून आगाऊ रक्कम मागायला लाजू नका.

लडीवरची कागदी पट्टी टाकू नका. पुठ्ठ्यावर दोऱ्याचा तुकडा, कंपनी, नंबर आणि दुकानाचं नाव लावून ठेवा. पुढच्या बैठकीला येताना आपापला पुठ्ठा घेऊन या.