विद्यार्थिदशेतच हृदयाची तपासणी

हृदयविकार हा उतारवयाचा आजार होय, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा रक्तदाब मोजण्याची गरज ना त्याच्या घरच्यांना वाटते, ना त्याच्या महाविद्यालयाला. वस्तुस्थिती वेगळी आहे. झटका पन्नाशीत आला, तरी त्याची पूर्वतयारी पुष्कळदा विशीतच सुरू झालेली असते.

कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते. तरीही चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकृतीची चिन्हे आढळून आली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९४८ ते १९६४ या काळात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेल्यांची पाहणी पुढे कित्येक दशके चालू ठेवण्यात आली. विद्यार्थिदशेत ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण अधिक होते, त्यांना पुढील आयुष्यात हृद्रोगाचा धोका ठळकपणे अधिक असल्याचे १९९३ साली दिसून आले.

२००४ साली ५२ देशांतील पाहणीचे निष्कर्ष जाहीर झाले. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदद्रव्यांचे बिघडलेले प्रमाण, पोटाचा स्थूलपणा, मानसिक ताण, फळभाज्यांचा अभाव आणि व्यायामाचा अभाव ही पहिल्या झटक्याची प्रमुख कारणे ठरली. भारतासह दक्षिण आशियातील लोकांना हा झटका इतरांपेक्षा सरासरी पाच ते सहा वर्षे आधी येतो, असेही त्यातून निष्पन्न झाले. यांपैकी बहुतेक कारणे टाळता येण्यासारखी आहेत, हीच यातील दिलाशाची बाजू.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. असंसर्गजन्य रोगांसाठीच्या नियमित तपासणीत ३० वर्षे व त्यावरील व्यक्ती येतात. मधली बारा वर्षे, म्हणजे नेमका महाविद्यालयीन व विद्यापीठीय शिक्षणाचा काळ, या दोहोंच्या कक्षेबाहेर राहतो. घर सोडून वसतिगृहात आलेला तरुण याच काळात तंबाखूच्या, जागरणाच्या व अवेळी खाण्याच्या सवयी जवळ करतो.

ही उणीव भरून काढण्यास मोठा खर्च लागत नाही. प्रवेशाच्या वेळी उंची, वजन, कमरेचा घेर व रक्तदाब यांची नोंद करावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक घेर ही धोक्याची सूचना समजावी. आईवडिलांना अकाली हृद्रोग, मधुमेह वा वाढलेले कोलेस्टेरॉल असल्यास विद्यार्थ्याच्या रक्ताची तपासणी करावी. श्रम करताना चक्कर येणे, छातीत दुखणे किंवा घरात कोणाचा तरुणपणी आकस्मिक मृत्यू झालेला असणे, या गोष्टी आढळल्यास तज्ज्ञांचा सल्ला व हृदयाचा आलेख आवश्यक ठरतो. मात्र आलेख निर्दोष आला म्हणजे रोहिण्याही निर्दोष आहेत, असे समजू नये.

तसेच एकदाच वाढलेला रक्तदाब म्हणजे रोग नव्हे. तो पुन्हा वेगवेगळ्या दिवशी, शांत बसवून मोजावा. नोंदी गुप्त राखाव्यात. त्यांच्या आधारे कोणाला हिणवू नये. शिबिर पार पडले, छायाचित्रे निघाली आणि नोंदवही कपाटात गेली, तर तपासणीचा उपयोग शून्य! ज्याच्यात दोष आढळला, तो विद्यार्थी डॉक्टरपर्यंत पोचला की नाही, हे पाहणे हाच खरा उपक्रम होय.

शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी अधिकाऱ्यांनी कसोशीने करावी. शिक्षकांनी मैदान रोज तासभर खुले ठेवावे. पंचायत सदस्यांनी शहरात शिकणाऱ्या गावच्या मुलामुलींना सुटीत प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घेण्यास सांगावे. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी कुटुंबाने पोटाला चिमटा घेतला, तो ऐन कर्तेपणात अंथरुणास खिळू नये, यासाठी एवढे परिश्रम अधिक नाहीत.