ऐकणारे आणि ऐकले जाणारे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान वक्ते नाही. सातवीत शाळा सुटली आणि पुढे गिरणीत साळखात्यात लागलो. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे, हाताच्या खुणांनी बोलायचो. तिथे यंत्राचा आवाज होता. गावात यंत्र नव्हते, तरी आपल्या माणसाचा शब्द कुणाच्या कानात शिरत नव्हता. त्याबद्दलच आज बोलायचे आहे.

जुन्या गावगाड्याला महाराचा आवाज पदोपदी लागे. सरकारी हुकूम आला, महाराने हाळी द्यायची. साऱ्याच्या वसुलीला कुळांना चावडीवर बोलावून आणायचे महाराने. कुणाकडे मयत झाली की पाहुण्यांना सांगावा घेऊन रात्रीबेरात्री पायी जायचे महाराने. शिवेचा तंटा पडला तर साक्षही महाराची, कारण शिवेचा दगडन् दगड त्याला ठाऊक. पण त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे ऐकायला कुणाला सवड नव्हती. चावडीच्या पायरीखाली उभे राहायचे, 'जोहार मायबाप' म्हणायचे आणि वर बसलेल्यांची मर्जी होईस्तोवर वाट पाहायची.

आमच्या आजोबांकडे तराळकी होती. त्यांच्या वाटच्या हाडोळ्याचा तुकडा शेजारच्या बड्या शेतकऱ्याने बांध सरकवून दाबला. गावाच्या शिवेबद्दल ज्यांचा शब्द प्रमाण, त्यांचा शब्द स्वतःच्या बांधाबद्दल कुणी धरीना. आजोबा चार वेळा चावडीखाली उभे राहिले. दरवेळी उत्तर एकच, 'बघू.' आमची आजी म्हणायची, "आरं, त्यास्नी ऐकू येत हुतं, पर ऐकायचं नव्हतं." तुकडा गेला तो गेलाच.

बंधूंनो, बाबासाहेबांनी हे दुखणे मुळातून ओळखले. १९१९ साली साऊथबरो कमिटीपुढे साक्ष देऊन त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतःचे प्रतिनिधी मागितले. ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नावच 'मूकनायक'! १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले. ते पास झाले नाही, पण चावडीखालचे गाऱ्हाणे सरकारदरबारी बोलले गेले. १९३० साली तेच गाऱ्हाणे लंडनच्या गोलमेज परिषदेत पोचले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतन गेले, त्याच्याबरोबर तराळकी गेली.

आणखी एक ध्यानात घ्या. जोहाराला उलट जोहार कधी येत नसे. जयभीमला मात्र जयभीमच येतो. म्हणणारा आणि ऐकणारा एका पायरीवर उभे राहतात, ही साधी गोष्ट नव्हे.

आता आपल्या घरात बघू. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत महिलांना आणि आपल्याला राखीव जागा मिळाल्या. तरी कित्येक गावांत बाई खुर्चीवर आणि बोलतो नवरा. आणि आपल्या मंडळांच्या मीटिंगा तरी काय निराळ्या असतात? माईक त्याच चार जणांच्या हातात फिरतो, आम्हीही त्यातलेच. वर्गणी गोळा करायला, खीर रांधायला माता-भगिनी पुढे. ठरावाच्या वेळी मात्र मागच्या सतरंजीवर. नवी चावडी आपणच बांधायची काय?

भगवान बुद्धांच्या संघाची रीत बघा. महत्त्वाचा ठराव संघापुढे मांडून तीनदा पुकारत. ज्याला पसंत नसेल त्याने बोलावे, असे विचारत. त्यानंतर कुणी बोलले नाही तरच मंजूर. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच संघाच्या ठराव, कोरम, मतमोजणीच्या नियमांची आठवण दिली होती. चावडीखालची माणसे गप्प होती ती भयाने. संघात गप्प बसणे म्हणजे संमती, कारण बोलायची मुभा आधी दिलेली असे.

म्हणून आमची कमिटीला एकच सूचना आहे. यापुढे विहाराचा कोणताही ठराव तीनदा पुकारावा आणि तिसऱ्यांदा पुकारण्याआधी माईक मागच्या सतरंजीवर न्यावा. तिथली म्हातारी अडखळत बोलेल, पोरगा चुकेल. बोलू द्या. आपल्या आज्या-पणज्यांना ऐकणारे कुणी भेटले नाही. त्यांच्या नाती-पणत्यांना आपण तरी भेटू या.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!