रुग्णालयाला आपण काय सांगावयाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या भागातील कर्करोग रुग्णालयाने एक सल्लागार समिती नेमावयाचे ठरविले असून, तीवर आपल्या मंडळाने दोन सभासद द्यावेत असे पत्र आले आहे. पत्र वाचून काही भगिनी म्हणाल्या, "आम्ही दहावीपर्यंत शिकलेल्या बायका. मोठमोठ्या डॉक्टरांना सल्ला तो काय देणार?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर माझ्या परीने द्यावे म्हणून मी उभी आहे.

दहावीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. १९९८ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तेथील झोपडपट्ट्यांतून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी व्हावयाची. ही तपासणी डॉक्टरांनी केली नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली. गर्भाशयाच्या मुखाला पातळ केलेले ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, लावावयाचे, मिनिटभर थांबावयाचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहावयाचे. एवढ्याने त्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१३ साली जाहीर झाले. स्तनाची तपासणीही त्याच सेविकांनी हातांनी केली. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत तिचा गुण आला, त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मृत्यू तसे कमी झाले नाहीत. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

परंतु बायका तपासणीला आल्याच नसत्या तर आम्लाचा काय उपयोग? म्हणूनच वस्तीतील वजनदार माणसांना आणि संस्थांना आधी भेटून, तपासणीची जागा वस्तीतच मांडावी लागली. हे काम आपल्यासारख्यांचे, भगिनींनो.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उरलेल्या वस्त्यांतील स्त्रियांना रोगाची माहिती दिली गेली, तपासणी मात्र झाली नाही. तपासणीने जीव वाचतात हे ठाऊक असताना असे करणे योग्य होते काय, आणि त्या स्त्रियांना सारे नीट समजावून सांगितले होते काय, यावर पुढे डॉक्टरांतच मोठा वाद झाला. माझे मत असे, की सल्लागार समितीत बाईमाणूस हवे ते अशा प्रश्नांसाठी, आणि तेही आरंभापासून. दीपप्रज्वलनासाठी नव्हे.

खेड्यांतले उदाहरण बार्शीचे. तेथील कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू केली. आपल्या देशातील खेड्यांपुरती ती पहिलीच. रोगी रुग्णालयात येईल तेव्हा नोंदू, असे म्हटले असते तर वही कोरीच राहिली असती. कार्यकर्ते गावोगाव गेले, जाणत्या माणसांशी बोलले, लक्षणे सांगितली आणि रोगी लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखावर स्त्रियांचा जो अभ्यास झाला, त्यात एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचले.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. शिबिर सकाळी दहाला ठेवतात. आपल्याकडे नळ त्याच सुमारास येतो, आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा तो कामाचा वेळ. खाडा झाला की पैसे कापले जातात. ही गोष्ट डॉक्टरांना कोणी सांगितली आहे काय? शाळेच्या सभागृहात एका चादरीच्या आडोशाला तपासणी ठेवली तर कोण जाईल? तपासणारी बाईच हवी, आणि दाराला कडी हवी. "अंगावरून पांढरे जाते" हे आपल्या बायका जावेलाही सांगत नाहीत, मग पुरुष डॉक्टरला कशा सांगतील? पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर "उष्णता झाली" म्हणून सब्जा पीत बसतात. मिश्रीचे तर बोलावयासच नको! ती तंबाखूच आहे, हे मान्य करावयाला आपल्यातल्या कितीजणी तयार आहेत? सासूबाईंनी लावली म्हणून सूनबाईंनी लावली. त्यावर भिंतीवरचा फलक चालणार नाही. शेजारीण सांगेल तर चालेल.

आणखी एक. दोष निघाला, तर ती बातमी कोणी द्यावयाची, आणि कोणाला? नवऱ्याला आधी कळले आणि बाईला महिनाभराने, असे घडते. मोठ्या रुग्णालयात पाठविले तर सोबत कोण, मुले कोणाकडे, उतरावयाचे कोठे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पुष्कळ उपचार बसतात. पण शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारपत्रावरचे नाव जुळत नाही, म्हणून बाई दारातूनच परत येते. रोग शोधावयाचा आणि पुढची वाट दाखवावयाची नाही, अशा तपासणीला माझा पाठिंबा नाही. हे समितीत स्पष्ट शब्दांत सांगावे.

तेव्हा मंडळाने दोन सभासद द्यावेत, पण काही गोष्टी आधीच लिहून मागाव्यात. बैठक दुपारी तीननंतर व्हावी. चर्चा मराठीत व्हावी आणि टिपण मराठीत मिळावे. आपण जे सुचवू त्यातले काय केले, काय केले नाही आणि का, हे पुढच्या बैठकीत कळावे. दोघींपैकी एक तरी धुणीभांडी किंवा मजुरी करणारी असावी. तिचा बैठकीचा खाडा मंडळाने भरून द्यावा, असा माझा ठराव आहे. नावे मंगळवारपर्यंत चिटणीसबाईंकडे द्यावीत. ज्यांना स्वतःचे नाव सुचवावयास संकोच वाटतो, त्यांचे नाव शेजारणीने द्यावे.