मुक्काम दुपारसाठी

आमच्या लहानपणी प्रवासाचा बेत ठरला म्हणजे घरात दोनच प्रश्न निघत. उतरावयाचे कोठे, आणि बरोबर काय घ्यावयाचे? पहिल्याचे उत्तर नातलगाचे घर नाहीतर धर्मशाळा. दुसऱ्याचे उत्तर वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. आज बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील कितीतरी मराठी घरांतील मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना एखाद्या उन्हाळ्यात निरोप येतो की, "यंदा सर्वांनी मिळून फ्लॉरिडाला जाऊ, नातवंडांना डिस्नेची नगरी दाखवू." निरोप नवा, पण प्रश्न तेच जुने दोन. त्या दोहोंविषयी, एकदा चुकून आणि एकदा सुधारून जे शिकलो, ते आज सांगावयाचे आहे.

थीम पार्क म्हणजे केवळ पाळण्यांची बाग नव्हे. एखादी कथा किंवा कल्पना घेऊन तिच्याभोवती रस्ते, वाडे, नौका, झुले आणि नाट्यप्रयोग उभारलेली ती एक नगरी असते. फ्लॉरिडातील ऑरलँडो शहराजवळ डिस्नेची अशी चार उद्याने आहेत. पहिले 'मॅजिक किंगडम' १९७१ मध्ये उघडले. त्यानंतर १९८२, १९८९ आणि १९९८ या साली उरलेली तीन झाली. एकेका उद्यानास एक पूर्ण दिवस लागतो, आणि तो दिवस बहुतांशी पायांवरच काढावा लागतो. आमच्या सुनेच्या मनगटावरील घड्याळाने पहिल्याच रात्री अकरा किलोमीटरांची चाल दाखविली होती.

आम्ही प्रथम गेलो तो २०१७ चा जून महिना. मुलगा, सून, चार वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे. मुक्काम निवडण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मी ते आयुष्यभराच्या काटकसरीच्या सवयीने केले. "हॉटेलात काय, नुसते झोपावयास तर जायचे! दिवसभर आपण बाहेरच असणार," असे म्हणून मी उद्यानांपासून बरेच दूर असलेले एक स्वस्त हॉटेल पसंत केले. तेथून एक गाडी सकाळी उद्यानाकडे नेई आणि रात्री परत आणी. एवढे पुरेसे आहे, असे मला वाटले.

मॅजिक किंगडमची रचना मला तेव्हा ठाऊक नव्हती. बाहेरून येणारी वाहने प्रवेशद्वारापर्यंत जात नाहीत. ती एका विस्तीर्ण तलावाच्या अलीकडे थांबतात, आणि तेथून बोटीने अथवा एकरुळी गाडीने पलीकडे जावे लागते. जाताना मुलांना याची मौजच वाटते. परंतु दुपारी दोनच्या सुमारास उन्हाने जीव कासावीस झाला, नातू खांद्यावर झोपी गेला आणि सौभाग्यवतीचे गुडघे बोलू लागले, तेव्हा त्याच रचनेचा अर्थ निराळा झाला. बोट, मग तळ, मग भाड्याची मोटार, मग तो लांबचा रस्ता. आणि संध्याकाळी पुन्हा तेच सारे उलट क्रमाने! आम्ही परतलो नाही. जूनमध्ये फ्लॉरिडात दुपारनंतर गडगडाटी पाऊस वारंवार येतो. तसा तो आला. सौभाग्यवती एका दुकानाच्या पडवीतील बाकावर बसल्या, आणि रात्री नऊपर्यंत बहुतेक तेथेच बसून राहिल्या. आतषबाजीला सुरुवात झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही सगळे जा पुढे. मला इथूनच ऐकू येतंय."

मुलाने समजूत करून घेतली की आईला या गोष्टींची आवड नाही. मीही काही दिवस तसेच मानले. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की, तिला आवड होती. तिला दोन तास आडवे होण्यास जागा नव्हती. आणि ती जागा मी, चार पैसे वाचविण्याच्या भरात, काढून घेतली होती.

तेव्हापासून माझे मत झाले आहे की, थीम पार्कच्या प्रवासातील मुक्काम हा रात्रीसाठी नसून दुपारसाठी असतो. रात्री थकलेला माणूस कोठेही झोपतो. खरी कसोटी दुपारी एक ते चार या वेळेत लागते. तिकिटावर त्याच दिवशी बाहेर जाऊन पुन्हा आत येता येते, ही सवलत जवळ खोली असणारासच उपयोगी.

उद्यान उभारणारांनाही ही गोष्ट अनुभवानेच कळली असावी. वॉल्ट डिस्ने यांनी आपले पहिले उद्यान १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे उघडले. त्या दिवशी ऊन एवढे कडक होते की नव्या डांबरी रस्त्यात स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा रुतल्या, आणि नळकाम करणारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळही अपुरे पडले. पुढे त्या उद्यानाभोवती इतरांच्या खाणावळी, दुकाने व निवासगृहे दाटीने उभी राहिली आणि उद्यानास वाढावयास जागा उरली नाही. म्हणून फ्लॉरिडात त्यांनी गाजावाजा न करता सत्तावीस हजार एकरांहून अधिक, म्हणजे सुमारे ११० चौरस किलोमीटर जमीन खरेदी करविली. ते स्वतः १९६६ च्या डिसेंबरात वारले. पण १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान उघडले तेव्हा त्याच्या जोडीला दोन हॉटेले तयार होती, आणि एकरुळी गाडी त्यांपैकी एकाच्या इमारतीमधूनच जात होती. आजही जाते.

२०२२ मध्ये पुन्हा जाण्याचा योग आला. आता नातू नऊ वर्षांचा, नात चार वर्षांची, आणि आमचे गुडघे पाच वर्षांनी अधिक जुने. या वेळी दरपत्रक पाहण्याआधी मी तीन प्रश्न कागदावर लिहिले. दुपारी एक वाजता उद्यानातून निघाल्यास किती वेळात पलंगावर पाठ टेकेल? त्यासाठी किती वेळा वाहन बदलावे लागेल, आणि ते वाहन दुपारीही असते काय? सहा माणसे एका दाराआड मावतील काय?

तलावाकाठची जुनी हॉटेले सर्वांत जवळची. त्यांतील एकापासून तर मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत पायी जाता येते. पण त्यांचे दर आम्हांस पेलणारे नव्हते. शोध घेता कळले की, डिस्नेच्या आवारातील कमी दरांच्या हॉटेलांपासूनही उद्यानांना विनामूल्य बसगाड्या दिवसभर ये-जा करतात, आणि मॅजिक किंगडमला जाणारी बस तलाव ओलांडावयास न लावता थेट प्रवेशद्वाराजवळ सोडते. शिवाय सप्टेंबर २०१९ पासून चार हॉटेले आणि दोन उद्याने जोडणारा एक रज्जुमार्ग सुरू झाला आहे. 'आर्ट ऑफ ॲनिमेशन' नावाचे २०१२ साली उघडलेले हॉटेल या मार्गावर आहे, आणि तेथे सहा माणसांसाठी दोन न्हाणीघरे, शीतपेटी व अन्न गरम करण्याची सोय असलेले बिऱ्हाडवजा निवास मिळतात. सहाजणांना दोन खोल्या घेण्याऐवजी असे एक बिऱ्हाड आम्हांला बरे पडले. विजा चमकू लागल्या की रज्जुमार्ग थांबवितात, हे मात्र ध्यानात ठेवावे. अशा वेळी बस असतेच.

बाहेरचे हॉटेल घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्या घरात सारेच तरुण आहेत, जवळ मोटार आहे, त्यांना ते परवडेल. मात्र हिशेब पुरा मांडावा. खोलीच्या भाड्यात वाहनतळाचे शुल्क, भाड्याच्या मोटारीचे पैसे आणि फुकट गेलेल्या दुपारी मिळवाव्यात; मग स्वस्त कोणते, ते ठरवावे.

आता सामानाविषयी. खोली दूर असली म्हणजे सारे घर खांद्यावर वाहावे लागते. खोली जवळ आली की पिशवी हलकी होते. म्हणून सामान भरण्यापूर्वी मुक्काम ठरवावा, आणि मग सामानाचे दोन भाग करावेत : खोलीत राहणारे आणि खांद्यावर जाणारे.

खांद्यावरच्या पिशवीत रिकामी पाण्याची बाटली असावी. ती आत भरून घेता येते. अर्ध्या दिवसाची औषधे, प्रत्येकाचा पातळ रेनकोट, टोपी, मोज्यांचा एक जादा जोड, लहान मुलाचे कपडे आणि कोरडा खाऊ, एवढे पुरे. खाद्यपदार्थ आत नेण्यास तेथे मुभा आहे. काचेच्या बरण्यांना मात्र मनाई आहे. पहिल्या खेपेस सौभाग्यवतींनी लिंबाचे लोणचे काचेच्या बरणीत घेतले होते. तपासणी करणाऱ्या तरुणाने अत्यंत नम्रपणे ती परत नेऊन ठेवण्यास सांगितले. नियम त्याचा, चूक आमची. पण परत ठेवावयास जवळ खोली कोठे होती? ते लोणचे दाराशीच कचऱ्याच्या पेटीत गेले. बडोद्याहून दोन विमानांतून जपत आणलेली ती बरणी टाकताना त्यांची मुद्रा मी विसरलेलो नाही.

खोलीतल्या सामानात पादत्राणांचा दुसरा जोड अवश्य हवा. एक जोड पावसात भिजला तर दुसरा कोरडा मिळतो. दोन्ही जोड महिनाभर आधी घरी वापरलेले असावेत. नवी पादत्राणे घालून असल्या प्रवासास निघणे म्हणजे फोडांना आमंत्रण. वातानुकूलित जागेत शिरताच अंगावर काटा येतो, म्हणून एक हलका स्वेटर घ्यावा. औषधे मूळ वेष्टनात, वैद्यांच्या चिठ्ठीसह, विमानात हातातल्या पिशवीतच ठेवावीत. अमेरिकेत विजेचा दाब सुमारे १२० व्होल्टचा आहे, आपला २३० चा. फोनचे चार्जर बहुधा दोन्हींवर चालतात, फक्त चपट्या पिनेचा जोड लागतो. पण आपली चहाची विजेची किटली तेथे उकळी आणण्यास फार वेळ लावते. ती घरीच असू द्यावी. चिवडा, चकल्या, मेतकूट न्यावे. विमानतळावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा. ताजी फळे व मांसाचे पदार्थ मुळीच नेऊ नयेत.

हा विचार केवळ परदेशासाठी नव्हे. हैदराबादेबाहेरील रामोजी फिल्म सिटीच्या आवारातच हॉटेले आहेत. तेथे जाणाऱ्यानेही शहरात उतरावे की आवारात, हे ठरविताना तोच दुपारचा प्रश्न स्वतःस विचारावा.

दुसऱ्या खेपेस आम्ही सकाळी लवकर निघत असू, एक वाजता परतत असू. वरणभात गरम होई, पडदे ओढले जात, आजी आणि नात शेजारी शेजारी झोपत. पाच वाजता दोघीही ताज्या होऊन उठत. शेवटच्या रात्री किल्ल्यामागून आतषबाजी सुरू झाली तेव्हा नात आजीच्या मांडीवर बसली होती. मी विचारले, "गुडघे कसे आहेत?" त्या म्हणाल्या, "अहो, बोलू नका मधे. बघू द्या."

तेव्हा श्रोतेहो, बेत आखताना घरातील सर्वांत वडील माणसाला आणि सर्वांत लहान मुलाला दुपारी किती वेळ पडावे लागते, ते आधी विचारा, आणि त्या उत्तरावरून खोली ठरवा. पिशवी त्यानंतर भरा.