मागच्या वेळी मी लवकर का निघाले



मागच्या स्नेहमेळाव्यातून मी जेवणाआधीच निघून गेले. 'हिला आता आपली संगत नको झाली' असं काहींना वाटल्याचं नंतर कानावर आलं. तेव्हा आज मला दहा मिनिटं द्या.

मला फायब्रोमायल्जिया आहे. मान, खांदे, कंबर, मांड्या, सगळं दुखतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखं वाटतं. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे मात्र स्वच्छ. म्हणून बरीच वर्षं 'मनाचे खेळ आहेत' हेच ऐकलं. या आजारात मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज वाढवून ऐकवते, हे शेवटी संधिवाततज्ज्ञांनी समजावलं. १९९०च्या निकषांत शरीरावरचे १८ बिंदू दाबून किमान ११ दुखतात का ते बघत. २०१०च्या निकषांनी ती अट काढली. आजाराला नाव मिळालं त्या दिवशी मी कांदिवली स्टेशनच्या पुलावर उभी राहून रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

औषधं, चालणं सुरू झालं आणि जोडीला बायोफीडबॅक. खांद्यांवर इलेक्ट्रोड चिकटवतात. स्नायूतली विजेची हालचाल मायक्रोव्होल्टमध्ये मोजली जाते आणि यंत्र त्याचा आवाज करतं. ताण जास्त तर सूर चढा. पहिल्या दिवशी मला सांगितलं, "खांदे सैल सोडा." म्हटलं, सोडलेतच की! यंत्र मात्र किंचाळत होतं. इतकी वर्षं चर्चगेट लोकलमध्ये पर्स छातीशी धरून उभी राहायचे तशीच मी घरी खुर्चीतही बसत होते, आणि मला पत्ताच नव्हता. तो सूर खाली आणायला चार-पाच खेपा लागल्या. कसा आला ते शब्दांत सांगता येत नाही. सायकल शिकण्यासारखं आहे ते.

पी.टी.च्या तासाला शवासनात आपण खिदळायचो, आठवतं? त्याच शवासनाचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी योग आणि बायोफीडबॅक एकत्र वापरून 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. सर, तुमच्या छड्या माफ!

पण यंत्र विकत घ्यायला धावू नका. २०१७च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत फायब्रोमायल्जियासाठी ठाम शिफारस फक्त व्यायामाची आहे; बायोफीडबॅकचा पुरावा त्यांना अपुरा वाटला. माझं दुखणं गेलेलं नाही. खांदे कधी वर चढले ते आता कळतं, एवढंच. त्यामुळे संध्याकाळी पोळ्या लाटता येतात, आणि ते मला पुष्कळ आहे.

आज जेवून जाणार आहे. मध्येच उठून हॉलमागे फेऱ्या मारल्या तर समजून घ्या. आणि भेटल्यावर पाठीत धपाटा घालू नका रे, हात हातात घ्या.